रिकामी लिफ्ट वर जाते

माझं घर पहिल्या मजल्यावर आहे. लग्न ठरताना बायकोच्या माहेरच्यांनी पगार विचारला, गाव विचारलं, पत्रिका मागितली. मी एकच अट घातली, की पुढेमागे नाशकात घर घेऊ ते पहिल्या मजल्याच्या वर घेणार नाही. सासरे चक्रावले. मुलगा लिफ्टच्या कामात आहे म्हणतो आणि लिफ्टलाच भितो की काय? भीत नव्हतो. संशय घेत होतो. आमच्या धंद्यात पोट त्यावरच चालतं.

तेहतीस वर्षं मी लिफ्टची देखभाल केली. आधी एका कंपनीत, मग सातपूरला गाळा घेऊन स्वतःची. आमचं गिऱ्हाईक संशयी आणि आम्ही त्याच्या वरताण. गिऱ्हाइकाला वाटतं, हा बाबा चांगला पार्ट काढून नेतो आणि जुना बसवतो. आम्हाला वाटतं, वॉचमनने पोती चढवली, पोरांनी दारं अडवली, सेक्रेटरीने पैसे वाचवायला कुणा इलेक्ट्रिशियनकडून वायर जोडून घेतली, आणि आता म्हणतात आपोआप बिघडली. आपोआप काही बिघडत नसतं. हे वाक्य मी घरीही इतक्यांदा म्हटलंय, की मिक्सर बंद पडला तर बायको मला न सांगता परस्पर दुरुस्तीला टाकते.

पण मी सगळ्यात जास्त नजर ठेवली ती पृथ्वीवर. ओढायचं काम ती एक क्षण सोडत नाही. रविवार नाही, दिवाळी नाही, लोडशेडिंग नाही. ब्रेक झिजतो, दोर झिजतो, मेकॅनिकचे गुडघे झिजतात, ही ओढ काही झिजत नाही. लिफ्ट बनवणारे हे ओळखून होते. म्हणून एका दोरावर काम भागत असताना ते तीन-चार दोर लावतात. तरीही लिफ्ट भरधाव खाली निघालीच, तर केबिनच्या खालचे जबडे दोन्ही बाजूंचे रूळ धरून बसतात. एवढा संशय नव्या सुनेवर सासूही घेत नसेल.

लोकांना हे सांगितलं तरी त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. दोर तुटलाच, तर शेवटच्या क्षणी उडी मारली की वाचतो ना? एका निवृत्त हेडमास्तरांनी मला हे इतक्या गंभीरपणे विचारलं, की त्यांनी घरी सराव केला असावा अशी मला शंका आली. अहो, तुम्ही आणि लिफ्ट एकाच वेगाने खाली जात असता. पृथ्वी दोघांनाही सारखाच वेग देते. जाडा म्हणून आधी नाही, बारीक म्हणून मागून नाही. तुम्ही उडी मारणार, ती त्याच वेगाने खाली चाललेल्या फरशीवरून. खालची जमीन तुमच्या उडीची वाट बघत थांबत नाही. मास्तरांना पटलं नाही. मी पार्ट विकायला असं सांगतोय असं त्यांना वाटलं.

दिंडोरीच्या बाजूला एका वायनरीत तर मला चोर पकडायलाच बोलावलं होतं. द्राक्षांचे क्रेट तळघरातून वरच्या मजल्यावर मालाच्या लिफ्टने जायचे. तिथल्या सुपरवायझरने वेळ वाचवायला वजनाचा काटा लिफ्टमध्येच ठेवला होता. लिफ्ट निघाली की क्रेट ठेवायचा, आकडा लिहायचा, वर पोचेपर्यंत काम फत्ते. पण वर जाताना क्रेट वजनात जास्त भरायचा, आणि तोच परत खाली आणला तर कमी. सुपरवायझर म्हणे मजूर मध्येच द्राक्षं खातात. मजूर म्हणत, साहेबाचा काटाच चोर आहे. दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नव्हतं.

मी स्वतःच काट्यावर उभा राहिलो आणि बटण दाबायला सांगितलं. लिफ्ट वर निघाली त्या झटक्याला माझं वजन वाढलं, मग जागेवर आलं. खाली निघताना कमी झालं, पुन्हा जागेवर आलं. काटा वजन दाखवतो म्हणजे तुम्ही त्याला किती दाबताय ते दाखवतो. वर उचलताना जास्त दाबलं जातं, खाली सोडताना कमी. लिफ्ट मोकळी पडली, तर तोच काटा शून्य दाखवेल आणि क्रेटमधलं एक द्राक्षही कमी झालेलं नसेल. सुपरवायझर नेमका त्या झटक्याच्याच वेळी आकडा टिपायचा. काटा बाहेर ठेवा एवढंच सांगून मी निघालो. मजुरांनी मला चहा पाजला, सुपरवायझरने मात्र पाजला नाही.

अशा गोष्टी मी चारचौघांत रंगवून सांगतो. भिवाची सांगत नाही. ती इथे लिहितो.

गंगापूर रोडच्या बाजूला एक सात मजल्यांची सोसायटी माझ्याकडे होती. सहा माणसांची एक लिफ्ट. सेक्रेटरी बोरस्ते, सातपूरच्या कारखान्यात खरेदी खात्यातून निवृत्त झालेले. मी वंगण घातलं की ते बोट लावून बघायचे. वॉचमन भिवा भोये, सुरगाण्याकडचा. गेटजवळ पाण्याच्या पंपाला लागून एक खोली होती, तिथे तो आणि त्याची बायको सुमन राहत. सुमन इमारतीतल्या तीन घरची धुणीभांडी करायची. दहावी शिकलेली होती, भिवाला वाचता येत नव्हतं. भिवा कामाला चोख, बोलायला अगदी कमी. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला आधीपासून संशय येतो.

त्या वर्षी बोरस्त्यांनी लिफ्ट हॉटेलसारखी करायची ठरवली. खाली काळा ग्रॅनाइट, तोही चांगला सिमेंटचा थर देऊन. तिन्ही भिंतींना कमरेपर्यंत दगड, वर मोठा आरसा, छताला दिवे. नाशकात ही एक हौसच आहे, घर रंगवताना उरलेली सगळी श्रीमंती लिफ्टला लावायची. मला कुणी विचारलं नाही. पुढच्या फेरीला गेलो, तर बोरस्ते दार धरून उभे. कशी वाटते, म्हणाले. मी त्या आरशात बघून भांग नीट केला आणि झकास म्हणालो.

आता इथे थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. लिफ्ट म्हणजे विहिरीवरचा रहाट. दोराच्या एका टोकाला केबिन, वर चाक, दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळ्यांचा गठ्ठा, त्याला आम्ही काउंटरवेट म्हणतो. केबिन खाली आली की तो वर जातो. तो गठ्ठा किती जड ठेवायचा? रिकाम्या केबिनइतका, आणि वर निम्म्या माणसांइतका. सहा माणसांची लिफ्ट असली तर रिकामी केबिन अधिक तीन माणसं. म्हणजे आत तिघं असले की दोन्ही बाजू तागडीसारख्या बरोबर. आणि आत कुणीच नसेल तर जड बाजू गठ्ठ्याची. म्हणून ब्रेक मोकळा केला तर रिकामी लिफ्ट खाली येत नाही, वर जाते. पृथ्वी गठ्ठ्याला खाली ओढते आणि त्याच्या ओढीने केबिन वर चढते. हे मी नव्या माणसाला सांगितलं की तो आधी माझ्या तोंडाचा वास घेतो.

ग्रॅनाइट बसल्यावर महिन्याभरात लिफ्ट खाली येताना तळमजल्याच्या दोन बोटं खाली थांबायला लागली. मी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन ब्रेकच्या स्प्रिंगचा नट अर्धा फेरा आवळला. लिफ्ट जागेवर आली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पुन्हा आवळला. आठ महिने मी हा नट आवळत होतो. उतरताना गेटपाशी भिवाला म्हणायचो, परत आवळावा लागला रे. आणि रिपोर्टच्या पुस्तकात सही करून निघायचो. लिफ्टला काय झालंय, हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. पण तो सोडवायचा म्हणजे अख्खा दिवस लिफ्ट बंद ठेवायची, बोरस्त्यांशी वाद घालायचा, दगड कुणाला विचारून बसवला म्हणायचं. नट आवळायला पाच मिनिटं पुरत होती.

एके दिवशी दुपारी सातव्या मजल्यावरून सहा बायका हळदीकुंकवाला खाली निघाल्या. सहाच होत्या, नियमात होत्या. लिफ्ट तळमजल्यावर न थांबता वीतभर खाली घसरली आणि लिफ्टच्या तळाशी असलेल्या खड्ड्यातल्या स्प्रिंगवर आदळली. वेग बेताचाच होता, म्हणून ते रूळ धरणारे जबडे जागे झाले नाहीत. ते फक्त भरधाव लिफ्टला धरतात. बाकीच्यांना धक्का बसला. बोरस्त्यांच्या आई, त्यांना सगळे आक्का म्हणायचे, पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

मी पोचलो तेव्हा आक्कांना दवाखान्यात नेलं होतं आणि खाली पार्किंगमध्ये भिवाला घेरून लोक उभे होते. दोन दिवसांपूर्वी चौथ्या मजल्यावर फरशीचं काम निघालं होतं आणि सिमेंटची पोती वर गेली होती. ती लिफ्टने नेली, वजनाने ब्रेक गेला, असं बोरस्त्यांचं म्हणणं. मी वर जाऊन ब्रेक बघितला. आतलं अस्तर जळून काळं पडलं होतं. जास्त वजन पेललं की ते तसंच होतं. खाली आलो आणि भिवाला विचारलं.

"साहेब, पोती म्या पाठीवर नेली. जिन्यानं," तो म्हणाला. "लिफ्टमधी एक बी ठेवली नाय."

शर्टाची कॉलर ओढून त्याने खांदा दाखवला. सोलवटलेला होता. मी मनात म्हटलं, खांदा काय, कशानेही सोलवटतो. तोवरच्या इतक्या वर्षांत प्रत्येक वॉचमनने मला हेच सांगितलं होतं आणि बहुतेक वेळा केबिनच्या कोपऱ्यात सिमेंट सापडलं होतं. इथे सापडलं नाही. तर मी काय समजलो? याने झाडून घेतलं.

बोरस्त्यांना पोलिसांत द्यायला माझं लेखी हवं होतं. मी माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं, की लिफ्टमध्ये क्षमतेपेक्षा जास्त वजन चढवल्यामुळे ब्रेक निकामी झाला. भिवाचं नाव मी लिहिलं नाही, तेवढा मी हुशार. ते त्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला चौकीवर बसवून ठेवलं, संध्याकाळी सोडलं, आणि खोली खाली करायला सांगितली.

तीन दिवसांनी नवीन अस्तर आलं. मी सकाळी जाऊन बसवलं, स्प्रिंग कंपनीच्या मापावर आणली. आता तपासायचं म्हणून वीज बंद केली, दारं लागल्याची खात्री केली आणि दांडी घालून ब्रेक हलकेच मोकळा केला. केबिन रिकामी, चौथ्या मजल्यावर. चाक वर जाण्याच्या दिशेने फिरायला हवं होतं.

ते उलटं फिरलं. मी दांडी सोडून ब्रेक लागू दिला, पुन्हा मोकळा केला. पुन्हा उलटं. रिकामी लिफ्ट खाली चालली होती.

टेप घेऊन खाली उतरलो आणि केबिनमधला दगड मोजला. दगडाचं वजन काढायला आमच्या माणसाला वेळ लागत नाही. फरशी, भिंती, सिमेंटचा थर, आरसा धरून चार माणसांचं वजन त्या केबिनमध्ये कायमचं उभं होतं. त्यात सहा बायका शिरल्या म्हणजे दहा झाल्या. ब्रेक बिचारा आठ महिने दहा-दहा माणसं धरत होता आणि मी त्याला आवळत होतो. जास्त वजन होतं हे माझं लेखी अगदी खरं होतं. ते भिवाने आणलेलं नव्हतं, एवढंच.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. मी म्हटलं, रिकामी लिफ्ट वर जायला हवी, ही खाली येतेय. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ हसले. गुरुत्वाकर्षण आम्हीही शाळेत शिकलोय, म्हणाले, रिकामी काय नि भरलेली काय, खालीच येणार. बोरस्ते म्हणाले, याला भिवाने काही दिलं तर नाही ना, बघा. मग मी गेटच्या वरच्या आडव्या पाइपवरून दोर टाकला, दोन टोकांना दोन बादल्या बांधल्या. एकीत अर्धी बादली पाणी, ती काउंटरवेट. दुसरी रिकामी, ती लिफ्ट. रिकामी वर गेली. मग तिच्यात ग्रॅनाइट बसवताना उरलेला एक मोठा तुकडा टाकला, तो तिथेच पडलेला होता. बादली सरसर खाली आली.

बोरस्ते खरेदी खात्यातले. त्यांनी नेमकं बोट ठेवलं. ग्रॅनाइट बसवून आठ महिने झाले, म्हणाले, तुम्ही दर महिन्याला येऊन सही करून गेलात, तुमच्या लक्षात आलं नाही?

मी म्हटलं, नजरेतून सुटलं.

ते म्हणाले, चालायचंच, आमच्याही डोक्यात नाही आलं. दगड त्यांनी बसवला होता, नट मी आवळला होता. आम्ही दोन संशयी माणसांनी त्या दिवशी एकमेकांवर फार पटकन विश्वास ठेवला. तक्रार मागे घ्यायची ठरली, दगड काढायचा ठरला, भिवाला परत बोलवायचं ठरलं. पण पंपाजवळची खोली रिकामी होती आणि त्याचा फोन लागत नव्हता.

इथे मी हात झटकू शकलो असतो. झटकलेही होते, दीड-दोन महिने. मग दुसऱ्या एका सोसायटीत वॉचमन पुरवणारा एजंट भेटला. सहज विचारलं, तर म्हणाला, भोये ना, त्याला आम्ही आता कुठेच लावत नाही, लिफ्टवाल्याने लिहून दिलंय त्याच्याविरुद्ध. माझ्याशीच बोलतोय हे त्याला माहीत नव्हतं. मला त्याची नाही, माझीच चीड आली. त्या आठवड्यात मी सुरगाण्याची एसटी पकडली.

पाडा रस्त्यापासून आत होता. भाताची कापणी चालली होती. एका अंगणात सात-आठ जण भात झोडत होते, त्यात भिवा आणि सुमनही होते. मला बघून भिवाने हातातली पेंडी खाली ठेवली. पहिल्यांदा त्याने आक्कांचं विचारलं, चालायला लागल्या का म्हणून. काठी घेऊन चालतात, म्हटलं. मग मी सगळं सांगितलं. दगड, बादल्या, मीटिंग. चूक तुझी नव्हती, म्हटलं, सगळ्यांना पटलंय, परत चल. बाकीचे काम थांबवून ऐकत होते.

"तोंडी नको साहेब," भिवा म्हणाला. "तवा कागदावर लिवलं व्हतं. आता बी कागदावरच लिवा."

बरोबर होतं त्याचं. पिशवीत लेटरहेड होतं. मी ओट्यावर बसून लिहिलं: लिफ्टमधले जास्त वजन केबिनला बसवलेल्या दगडाचे होते. वॉचमन श्री. भिवा भोये यांचा त्यात कोणताही दोष नाही. ही बाब अनवधानाने माझ्या लक्षात आली नाही. खाली सही केली, शिक्का मारला.

भिवाने कागद सुमनकडे दिला. तिने हात पदराला पुसले आणि शब्दाखाली बोट धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागली. नवऱ्याच्या नावाआधीचा 'श्री' तिने दोनदा वाचला. शेवटच्या ओळीत अडली.

"अनवधानाने म्हंजी काय?"

म्हणजे ध्यानात न आल्यामुळे, मी म्हटलं.

तिने मान वर केली. आवाज चढवला नाही, भांडली नाही. "दर महिन्याला जाताना तुमी यांना सांगायचे, परत आवळला म्हणून. मी कपडे वाळत घालताना ऐकलंय. मग ध्यानात कसं नाय आलं?"

मला बरंच काही सांगता आलं असतं, ब्रेकच्या अस्तराचं, स्प्रिंगच्या मापाचं. तिला त्यातलं एक अक्षर कळलं नसतं आणि मी सुटलो असतो. मी कागद परत मागितला. ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: बिघाड मला आठ महिने दिसत होता. मी कारण शोधले नाही, ब्रेक आवळत राहिलो. खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते, तीही केली.

सुमनने कागद घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचला. या वेळी ती कुठेही अडली नाही.